मॉन्टेसरी नावाची बाई

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. मी धारूर तालुक्यातल्या एका गावात वीस वर्षं बालवाडी चालवली. त्याआधी रीतसर 'मॉन्टेसरीचा कोर्स' केला, सर्टिफिकेट मिळालं, सासऱ्यांनी कौतुकानं फ्रेम करून भिंतीवर लावलं. आणि तरीही कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात हेच, की मॉन्टेसरी म्हणजे काहीतरी पद्धतीचं नाव. जसं नर्सरी, जसं प्रायमरी. ते एका बाईचं आडनाव आहे, हे कोर्समध्ये सांगितलं असेलही. पण पाच मार्कांच्या टिपेत माणूस कुठला सापडायला!

ती बाई मला भेटली 2024 सालच्या मार्चमध्ये, आणि तीही कुठं, तर छत्रपती संभाजीनगरला नातीच्या शाळेत. नात तिथल्या एका कॉन्व्हेंटमध्ये केजीला. गुड फ्रायडेच्या आधीचा आठवडा होता. सून ऑफिसला जाते म्हणून लेकराला सोडायला मी गेले, तर सिस्टर म्हणाल्या, आजी, आत येऊन बसा.

वर्गात बघते तर काय, बुटक्या टेबलांवर मातीच्या थाळ्या आणि त्यात वीतभर वाढलेले गहू. अगदी आपल्या नवरात्रातल्या घटासारखे! आठ-दहा दिवसांपूर्वी लेकरांनीच माती भरली होती, दाणे टाकले होते, रोज पाणी घातलं होतं. दुसऱ्या टेबलावर कणकेच्या दोन वाट्या झाकून ठेवलेल्या, एकीत यीस्ट घातलेलं, एकीत नाही. दर थोड्या वेळानं कुणीतरी उठायचं, फडकं उचलून बघायचं, बोटानं दाबायचं आणि परत जागेवर. एका कोपऱ्यात कागदाच्या लगद्याची गुहा, तिच्या तोंडावर एक गोल दगड. ईस्टरची गोष्ट सांगायची ती या दगडानं. पोरं एकेक करून येत होती, दगड हळूच लोटायची, आत डोकावायची. गुहा रिकामी. परत दगड जागेवर लावायचा, म्हणजे पुढच्याची पाळी. सिस्टर एक शब्द बोलत नव्हत्या. उपदेश नाही, 'सांगा बरं काय शिकलात' नाही. रंगवलेली अंडी होती, पण ती आपली गंमत म्हणून एका टोपलीत. सगळा जीव त्या गव्हात आणि दगडात.

माझी नात, घरी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, ती तो दगड सहा वेळा लोटून आली.

भिंतीवर एका म्हाताऱ्या, भरल्या अंगाच्या गोऱ्या बाईंचा फोटो होता. मला वाटलं कुणी संत असतील. सिस्टर हसल्या. संत कसल्या, या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी. मुलांच्या हातात वस्तू देऊन धर्म शिकवायची ही रीतसुद्धा त्यांच्याच विचारातून आलेली. जाताना त्यांनी एक चरित्र वाचायला दिलं. त्यानंतर जिथं जे मिळालं ते मी वाचत गेले. आज लिहितेय ते त्यातूनच.

मारियाचा जन्म 31 ऑगस्ट 1870चा, इटलीतल्या कियाराव्हाले गावचा. वडील आलेस्सांद्रो सरकारी नोकरीत, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचणारी, विचार करणारी. एकुलती एक लेक. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. मुलीनं शिकून फार तर शिक्षिका व्हावं, हे वडिलांचं मत. आणि मुलीला नेमकं शिक्षिका सोडून बाकी सगळं व्हायचं होतं! आधी इंजिनिअर, मग डॉक्टर. मेडिकलला प्रवेश मिळाला, पण मुडदा फाडायच्या तासाला मुलांबरोबर एका बाईनं उभं राहणं त्या काळी शोभत नव्हतं. म्हणून सगळे गेल्यावर, संध्याकाळी, तिनं एकटीनं त्या खोलीत काम करायचं. दिव्याच्या उजेडात, प्रेतांच्या सोबतीत. आपल्याकडं आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या त्यालाही तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. बाईला डॉक्टर होणं कुठल्याच देशात सोपं नव्हतं, एवढंच.

1896 मध्ये ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी बर्लिनला बायकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं इटलीकडून ही गेली आणि भाषण केलं, बाईला पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी मिळायला हवी म्हणून. आपल्याकडं शेतात आजही बाईची हजेरी वेगळी आणि गड्याची वेगळी. असो.

पुढं तिला काम मिळालं रोमच्या मानसिक रुग्णांच्या इस्पितळात. तिथं मतिमंद मुलंही वेड्यांबरोबरच कोंडलेली असायची. असं सांगतात, की एक बाई नाक मुरडून तिला म्हणाली, ही पोरं जेवण झालं की जमिनीवर पडलेल्या पावाच्या कणांवर झडप घालतात, किती हावरट. मारियानं खोलीत नजर फिरवली. उघड्या भिंती. खेळणं नाही, खडा नाही, काडी नाही. पोरांना भूक पोटाची नव्हती, हाताची होती. हातात धरायला त्या अख्ख्या खोलीत पावाच्या कणांशिवाय काही नव्हतंच.

मी इथं पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. माझ्या बालवाडीत पहिली दोन वर्षं मी पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट करूनच बसवायचे. शिस्त म्हणून सगळे कौतुक करायचे.

मारियानं मग जुने फ्रेंच डॉक्टर धुंडाळले. इतार आणि सेगँ ही त्यांची नावं. या दोघांनी अशा मुलांसाठी हातानं करायच्या वस्तू बनवल्या होत्या. सेगँचं जाडजूड पुस्तक तिनं स्वतः हातानं उतरवून इटालियनमध्ये आणलं. तशी साधनं करून घेतली, दिवसभर मुलांत राहायची, रात्री टिपणं काढायची. त्यातली काही मुलं लिहायला-वाचायला शिकून साध्या मुलांच्या परीक्षेत पास झाली. लोक वाहवा करू लागले. हिला मात्र वेगळाच प्रश्न पडला. मतिमंद मुलं एवढं करतात, तर चांगली धडधाकट मुलं शाळेत एवढी मागं का?

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा हात थोडा अडखळतो.

त्या इस्पितळात तिच्याबरोबर एक डॉक्टर होते, ज्युसेप्पे मोंतेसानो. दोघांचं जुळलं, लग्न मात्र झालं नाही. 31 मार्च 1898 ला तिला मुलगा झाला, मारिओ. लग्नाशिवाय मूल म्हणजे डॉक्टरकी, नाव, सगळं संपलं असतं. म्हणून बाळ रोमबाहेर खेड्यात एका दाईकडं ठेवलं गेलं आणि तिथंच वाढलं. 1901 मध्ये मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं. मारियानं त्यांच्याबरोबरचं काम सोडलं, ती पुन्हा विद्यापीठात जाऊन शिकू लागली. मुलाला भेटायला ती जायची, पण आई म्हणून नाही. कधीतरी येणारी, छान कपड्यांतली कुणीतरी बाई म्हणून.

जगाला लेकरू समजावून सांगणाऱ्या बाईचं स्वतःचं लेकरू दुसऱ्याच्या ओसरीवर. मला आधी रागच आला. मग विचार केला, मी कोण राग धरणारी? आमच्या गावात दसरा झाला की कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको टोळीत, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून सांगली-कोल्हापूर नाहीतर पार कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने लेकरं आजीकडं. हंगामी वसतिगृहं झाली, पण दोन-तीन वर्षांचं पोर तिथं कुठं बसतं? त्या आयांना मी कधी विचारलं नाही, कसं गं सोडवतं म्हणून. विचारायची हिंमतच नव्हती. सोडवत नाहीच, सोडावं लागतं. मारियाला उचल फेडायची नव्हती हे खरं, तिला नाव राखायचं होतं. ते कारण मला पोटापेक्षा कमीच वाटतं. पण एकटी बाई आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं रोम, हेही धरायला हवं.

तिचं सगळ्यांत गाजलेलं काम यानंतरचं आहे. रोममध्ये सान लोरेंझो नावाची मजुरांची वस्ती होती. एका कंपनीनं तिथल्या चाळी दुरुस्त केल्या. आई-बाप दिवसभर कामावर, मागं पोरं जिन्यांत हुंदडायची, भिंती खराब करायची. कुणीतरी त्यांना सांभाळलं तर रंगरंगोटीचा खर्च वाचेल, एवढाच मालकांचा हिशेब! त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं. 6 जानेवारी 1907 ला एका खोलीत पन्नासेक लेकरं गोळा केली आणि 'बालकांचं घर' सुरू झालं. ट्रेनिंग घेतलेली शिक्षिका नव्हती, पैसेही नव्हते. वस्तीतलीच एक साधी बाई कामाला ठेवली. आपल्या अंगणवाडीताईंची ही पहिली बहीण म्हणा.

इथल्या गोष्टी सांगाव्या तितक्या थोड्या. एकदा मारियानं मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं पुसायचं. मुलं जीव एकवटून बघत राहिली. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! तिला कळेना, यात टाळ्या कशाला? मग लक्षात आलं, शेंबडे म्हणून या मुलांना सगळे हिणवतात, पण नाक पुसायचं कसं हे नीट, मान ठेवून, आजवर कुणी दाखवलंच नव्हतं.

एक छोटी मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत गट्टू बसवत होती. काढायची, मिसळायची, पुन्हा बसवायची. चाळीसच्या वर वेळा तिनं ते केलं. मध्ये तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, बाकी मुलांनी भोवती गाणी म्हटली, तरी हिचं लक्ष हललं नाही. झालं तेव्हा झोपेतून उठल्यासारखी ताजी होऊन हसली.

आणि अक्षरं. सुताराच्या पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलं त्यावरून बोटं फिरवायची आणि तो आवाज काढायची, बस. पाटी नाही, गिरवणं नाही. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर तिनं एका पाच वर्षांच्या मुलाला खडू दिला आणि समोरच्या धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं काढलं, तिनं शाबासकी दिली. तर तो एकदम आनंदानं ओरडला आणि गुडघ्यावर बसून फरशीवर एक शब्द लिहिला. त्याला कुणी लिहायला शिकवलं नव्हतं. तो पहिला शब्द होता 'हात'. मग 'धुराडं', मग 'छप्पर'. बाकीची पोरं धावली, खडू मागू लागली आणि तीही लिहायला लागली.

मी हे वाचून पॉलिश पेपरचा 'अ' घरी करून पाहिला. नातीनं एकदा बोट फिरवलं आणि दुसरं बोट लावून बघितलं. चार पुस्तकं वाचून जे कळलं नसतं ते तेव्हा मला कळलं.

1909 ला तिचं पुस्तक आलं आणि जगभरातून लोक ती खोली बघायला येऊ लागले. आई रेनिल्दे 1912 च्या डिसेंबरात वारली. त्यानंतर काही महिन्यांतच पंधरा वर्षांचा मारिओ आईकडं राहायला आला. तेव्हापासून तिच्या शेवटापर्यंत तो तिच्याबरोबर होता. पण लोकांना सांगायचं, हा भाचा. नाहीतर मानलेला मुलगा.

नातीच्या वर्गातल्या गव्हाची गोष्ट इथं येते. 1915 च्या पुढं मारिया स्पेनमध्ये बार्सिलोनाला राहू लागली. ती स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. तिथल्या शाळेत मुलांसाठी छोटंसं प्रार्थनाघर केलं, खुर्च्या बुटक्या, पवित्र पाण्याचं भांडंही मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. कॅथलिक उपासनेत भाकर आणि द्राक्षरस लागतो. म्हणून मुलांना जमिनीचा तुकडा दिला. मुलांनी गहू पेरला, द्राक्षाचे वेल लावले, निगा राखली, कापणी केली. त्याच गव्हाची भाकर वेदीवर गेली. धर्म पाठ करून घ्यायचा नाही, तो हातातून जाऊ द्यायचा. पुढं 1954 पासून रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी याच धाग्यावर लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची पद्धत उभी केली. छोटी वेदी, मेंढपाळ आणि मेंढ्यांच्या लाकडी बाहुल्या, फुगणारी कणीक, रिकामी गुहा, हे सगळं त्यातलं. आपल्या घरी तरी निराळं काय असतं? घटाला माती आणायला, गौरीला पावलं काढायला लेकरू पुढं असलं की सण त्याच्या अंगात भिनतो. आपण मात्र आता सांडेल, मोडेल म्हणून त्यांना टीव्हीपुढं बसवतो.

एक गोष्ट मला खटकली, तीही सांगते. इटलीत मुसोलिनीची सत्ता आली तेव्हा त्यानं या शाळांना पैसा आणि मान दिला, आणि बाईंनी तो बरीच वर्षं घेतला. मुलांना स्वतःचं स्वतः ठरवू द्या म्हणणारी बाई आणि सगळ्यांना एका तालात चालवणारा हुकूमशहा, हे जमणार कसं? 1934 मध्ये फाटलंच. तिच्या शाळा बंद झाल्या, तिनं देश सोडला. 1936 ला स्पेनमध्ये यादवी पेटली, तिथूनही निघावं लागलं, इंग्रजांच्या जहाजातून. मग हॉलंड. पासष्टी ओलांडलेली बाई, तिसऱ्यांदा बिऱ्हाड.

आणि तिथून ती आपल्याकडं आली. 1939 च्या अखेरीस, एकोणसत्तराव्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून मद्रासजवळ अड्यारला. ती इटालियनमध्ये बोलायची, मारिओ वाक्यागणिक इंग्रजी करायचा. समोर देशभरातून आलेले तीनेकशे शिक्षक. थोड्या महिन्यांसाठी आलेली बाई इथं जवळजवळ सात वर्षं राहिली. कारण युद्ध.

जून 1940 मध्ये इटली जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरली. झालं, इंग्रज सरकारच्या लेखी मायलेक दोघं शत्रूचे नागरिक. म्हातारीला अड्यारचं आवार सोडायचं नाही म्हणून बजावलं, आणि मारिओला उचलून नेलं. कुठं? तर नगरला! आपल्या आष्टीच्या पलीकडं, तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. नेहरूंना 1942 ला नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी दोन वर्षं तिथं शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांची छावणी होती हे मला ठाऊक नव्हतं. लग्नकार्याला, डॉक्टरकडं, कितीदा मी नगरला उतरले असेन!

बेचाळीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला टेकलेली आई. त्याच्या लहानपणी हिनं त्याला दूर ठेवलं, आता म्हातारपणी सरकारनं त्याला हिच्यापासून दूर ठेवलं. शिवाय मारिओची स्वतःची चार मुलं हॉलंडमध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या देशात. अड्यारच्या त्या आवारात ती दोन-अडीच महिने कशी राहिली असेल, मला सांगता येत नाही.

31 ऑगस्ट 1940, तिचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. तारेचा मजकूर थोडक्यात असा, की सत्तरीनिमित्त तुम्हाला काय द्यावं याचा बराच विचार केला आणि तुमचा मुलगा परत द्यावा, यापेक्षा चांगली भेट सुचली नाही. तारेत शब्द 'मुलगा' असा होता. भाचा नाही, मानलेला नाही. बेचाळीस वर्षं जे जाहीरपणे कुणी उच्चारलं नव्हतं ते परक्या सरकारच्या कागदावर सरळ लिहून आलं, आणि मारिओ नगरहून सुटला. 2024 ला ईस्टर नेमका 31 मार्चला, त्याच्या वाढदिवशी आला होता. तो दगड लोटणारी पोरं आठवली आणि अंगावर काटा आला. आता हा योगायोगच, पण बाईमाणूस योगायोग सोडत नाही.

पुढं कोडाईकनालच्या डोंगरात राहणं, ठिकठिकाणी शिक्षकांचे वर्ग, असं करत 1946 ला मायलेक युरोपात परतले. नंतरही ती पुन्हा इकडं येऊन गेली.

तिची साधनं महाग, हे मात्र खरं. आपल्याकडं ती गरिबाच्या दारात आणली ताराबाई मोडकांनी. नवऱ्यापासून वेगळं होऊन, मुलीला घेऊन निघालेल्या ताराबाई 1923 ला भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. नंतर मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. आणि 1945 मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी थेट बोर्डीला, अनुताई वाघांना सोबत घेऊन. लाकडी गट्टूंऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, पानं, खडे. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात. 'अंगणवाडी' ती हीच. 1975 च्या 2 ऑक्टोबरला सरकारची बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली, तेव्हा हेच नाव गावोगाव गेलं. ताराबाई 1973 ला गेल्या, तारीख 31 ऑगस्ट. मॉन्टेसरीबाईंच्या वाढदिवशी.

मारिया मॉन्टेसरी 6 मे 1952 ला हॉलंडमधल्या नोर्डवाइक या समुद्राकाठच्या गावी वारली. तेव्हाही मारिओ जवळ होता. तिच्या मृत्युपत्रात त्याचा उल्लेख मुलगा असाच आहे.

त्या ईस्टरनंतर नवव्या दिवशी पाडवा आला. मी गावी गेले, माझ्या जुन्या बालवाडीत. आताच्या ताईंना आधीच फोन करून सांगितलं होतं, त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत गहू पेरून ठेवले होते. पट्टा पडून माणसं परत आली होती. एक तीन वर्षांचा पोरगा, आई येऊन दोन दिवस झाले तरी तिच्याजवळ जाईना, आजीच्या पदराआडून बघायचा. आई दारात उभी. बोलली नाही, आत आली नाही. तो उठला, आपला डबा उचलून तिच्यापाशी घेऊन गेला आणि तिचं एक बोट धरून गव्हाच्या शेंड्यांवरून फिरवलं. उसाच्या पाचटानं चिरलेलं बोट होतं ते. मग डबा तिच्या हातात देऊन तो परत आजीकडं पळाला.